नव्या वस्तूचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळे, धर्मशाळा आणि नदीकाठचे घाट यांच्यासाठी राखून ठेवलेला आहे. एखादी वास्तू शे-दोनशे पावसाळे सोसते, तिच्या कळसावर पिंपळ उगवतो, मग गावातला एखादा भाविक सावकार पुढे येतो आणि संगमरवरी पाटीवर स्वतःचे नाव देवाच्या नावाहून मोठ्या अक्षरांत कोरून घेऊन तिला पूर्वस्थितीला नेतो, असा त्याचा साधारण शिरस्ता. परंतु जी वस्तू कालच पुठ्ठ्याच्या खोक्यातून बाहेर आली, जिच्या अंगावरचे प्लास्टिकचे पापुद्रे अद्याप सोललेले नाहीत आणि जिच्या खरेदीची पावती देव्हाऱ्यात हळदीकुंकवाच्या शेजारी ताजी आहे, तिचाही जीर्णोद्धार करावा लागतो, आणि तोही सलग दोन वर्षे, हे मला वयाच्या बहात्तराव्या वर्षी झाशीच्या सिविल लाइंसमध्ये बसून समजले. ती वस्तू म्हणजे माझ्या नातवाची विजेवर वाजणारी गिटार.

पूर्वस्थिती कशास म्हणावे हा घोळ आमच्या सिविल लाइंसला नवा नाही. १८६१ साली इंग्रजांनी झाशी शहर शिंद्यांच्या हवाली केले आणि आपण कोटाबाहेर नवाबाद नावाच्या खेड्यात कचेऱ्या थाटून बसले. १८८६ साली ग्वाल्हेरचा किल्ला परत देऊन त्यांनी शहर पुन्हा पदरात पाडून घेतले. म्हणजे पंचवीस वर्षे जिल्ह्याचे दप्तर एकीकडे आणि ज्याच्या नावाने ते चालायचे ते शहर दुसऱ्याच्या अमलात, अशी वहिवाट. रुंद रस्ते, कडुनिंब आणि घरापेक्षा मोठी परसे असलेल्या या वस्तीत माझ्या आजोबांनी एक जुना बंगला घेतला. त्याची कौले उतरवून वडिलांनी स्लॅब घातला. वाळ्याच्या ताट्या काढून मी कूलर बसवला. कूलर काढून मुलाने थंड हवेचे यंत्र लावले आणि ती हवा वर पळून जाऊ नये म्हणून अठरा फुटांचे छत दहा फुटांवर आणले. मूळ बंगल्यापैकी आज शाबूत आहे ती घरपट्टीच्या कागदावरची आजोबांच्या नावाची नोंद.

अशा घरात ती गिटार आली. किंमत साडेआठ हजार रुपये. सोबत कापडी पिशवी, खांद्यावरचा पट्टा आणि डब्याएवढा एक ध्वनिवर्धक. गिटार म्हणजे पोट पोकळ असलेले वाद्य अशी माझी समजूत असल्यामुळे तो भरीव ठोकळा हातात घेताच एखाद्याने पोळपाटाला दांडा बसवून दिला असावा असा मला भास झाला, आणि पुढे कळले की हा भास अगदीच निराधार नव्हता. अमेरिकेत १९३०च्या दशकाच्या आरंभी जी पहिली विजेची गिटार विक्रीला आली, ती मांडीवर आडवी ठेवून हवाईयन पद्धतीने वाजवायची होती, आणि तिच्या गोल बुडामुळे व लांब दांड्यामुळे तिला लोकांनी 'फ्राइंग पॅन', म्हणजे तवाच, असे नाव दिले. तारेच्या कंपाने चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात जी क्षीण वीज उत्पन्न होते, तिचा आवाज मोठा करून ऐकायचा, हे एकदा साधल्यावर लाकडाने घुमण्याची सक्ती उरली नाही. 'या वेटोळ्याला पिकअप म्हणतात,' असे नातवाने सांगितले तेव्हा सिपरी बाजारात भाजी वाहून आणणारी गाडी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. परंतु मी गप्प राहिलो, कारण वस्तू घरात येऊन अर्धा तासही झाला नव्हता.

त्याने तारा छेडल्या. पहिल्यांदा एक घरघर आली, मग एक गुणगुण आली, आणि त्या दोहोंच्या मधून, पावसाळी गर्दीत हरवलेल्या मुलाप्रमाणे, एक स्वर आला, तोही उतरलेला. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मिक्सर बंद आहे रे माझा." नातवाने गिटार खाली ठेवली, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हटले, "आजोबा, ही अपग्रेड करवून घ्यावी लागेल."

माझी सारी नोकरी झाशीच्या रेल्वे वर्कशॉपात, म्हणजे १८९५ साली उभ्या राहिलेल्या आणि मालगाडीच्या डब्यांवर पिढ्यान्‌पिढ्या हातोडे चालवणाऱ्या कारखान्यात, भांडाराच्या हिशेबावर गेली. नवा माल आला की तो वापरण्याआधी त्याची तपासणी आणि तपासणीचा कागद, हे माझ्या रक्तात भिनलेले. म्हणून मी चष्मा चढवून त्या गिटारीचा रीतसर पंचनामा केला, आणि नातवाने तो नाइलाजाने लिहून घेतला.

कलम पहिले, खुंट्या. त्या फिरवल्या असता पाव फेरा काहीच घडत नसे, आणि मग वरिष्ठांची सही झालेल्या दरखास्तीप्रमाणे त्या एकदम दोन टप्पे पुढे जात. कलम दुसरे, नट. गळ्याच्या वरच्या टोकाला, तारा जिथून खुंट्यांकडे वळतात तिथे, जो खाचांचा लहानसा आडवा तुकडा असतो, वीणेवर ज्यास मेरू म्हणतात, त्याला या मंडळींत नट असे नाव आहे. झाशीसारख्या गावात, जिथे खुद्द राजे गंगाधररावांना नाटकाचा एवढा शोक की त्यांनी पदरी नाटकशाळा बाळगली, तिथे नट ऐटबाज असावा अशी अपेक्षा. हा नट प्लास्टिकचा होता आणि त्याच्या खाचा इतक्या उथळ की तारा त्याच्यावर चढून बसल्यासारख्या दिसत. कलम तिसरे, पडदे. धातूच्या बावीस पट्ट्या, पंगतीत बसवलेल्या मुलांसारख्या, कोणी ताठ तर कोणी पेंगत. कलम चौथे, गुणगुण. वाजवा अथवा न वाजवा, ती अखंड. कलम पाचवे, गळ्याला आलेला बाक.

या पाचव्या कलमात मात्र माझी विद्वत्ता अवचित कामी आली. गळ्याच्या आत एक लोखंडी सळई असते आणि ती चावीने आवळता येते, असे नातवाने सांगितले. तिचे नाव विचारले तर म्हणाला, ट्रस रॉड. आता ट्रस रॉड हे नाव मला माझ्या सासऱ्यांच्या नावाइतके परिचित. जुन्या लाकडी डब्यांचा सांगाडा मध्ये झुकू नये म्हणून त्याच्या तळाशी ताणलेल्या सळया असत, त्या हेच काम करीत. गिटारीच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारे ३८ किलो भरतो, म्हणजे जुन्या मापाने जवळजवळ एक पक्का मण. एवढे ओझे अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने रात्रंदिवस पेलायचे तर ती वाकणारच. मी चावी घेतली, पाव फेरा दिला आणि चोवीस तास कोणी हात लावू नये असे फर्मान काढले. दुसऱ्या दिवशी गळा सरळ झाला होता. खर्च शून्य. परंतु ज्या उपायास पैसे पडत नाहीत त्यावर तरुण पिढीचा विश्वास बसत नाही, आणि खरे सांगायचे तर आमच्याही पिढीचा बसत नसे. त्यामुळे माझ्या या विजयाची नोंद कुठेच झाली नाही आणि खऱ्या अपग्रेडास आरंभ झाला.

प्रथम खुंट्या आल्या. तारा उतरतात, अर्थात खुंट्या ढिल्या आहेत, हा तर्क कोणालाही पटेल असाच होता. बावीसशे रुपयांच्या नव्या खुंट्या लोण्यासारख्या फिरू लागल्या आणि तारा पूर्ववत उतरू लागल्या. याचे कारण आम्हांला पुढे पुष्कळ दिवसांनी उमगले: तार खुंटीवरून सुटत नव्हती, ती नटाच्या अरुंद खाचेत अडकत होती, ओढली की अडकायची आणि वाजवताना हिसका बसला की सुटायची. दोष नटाचा आणि बडतर्फी खुंट्यांची, असा तो न्याय झाला. अशा प्रकरणी खाचेत पेन्सिलीचे शिसे घासले तरी तार सरकू लागते. पेन्सिल आमच्या घरात होती; पण ती तीन रुपयांची असल्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

मग गुणगुणीचा बंदोबस्त. या गुणगुणीविषयी मला थोडा आदर आहे, कारण ती सुरात आहे. पारीछाच्या औष्णिक केंद्रापासून थेट मुंबईपर्यंत आपल्या साऱ्या देशाची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, आणि पेटीची पांढरी एक षड्ज धरली तर हा स्वर खर्जातल्या पंचमाच्या अगदी लगत, किंचित चढा असा येतो. म्हणजे अवघे राष्ट्र अहोरात्र एका चढ्या पंचमावर आस धरून बसलेले आहे आणि आपणांस ते ऐकू येत नाही इतकेच. एका वेटोळ्याच्या पिकअपला ते ऐकू येते. यावरचा तोडगा १९५५ साली गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर या गृहस्थाने काढला. त्याने एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवली, दोहोंची गुंडाळी उलट आणि दोहोंची चुंबकेही उलट. कज्ज्यात दोन साक्षीदार उभे करावेत, दोघांनीही खोटे बोलावे, परंतु एकाचे खोटे दुसऱ्याच्या खोट्याच्या नेमके विरुद्ध असावे आणि खरे तेवढे सारखे असावे, तर खोट्याची वजावट होऊन खरे दुप्पट होते. तद्वत बाहेरची गुणगुण परस्परांत विरते आणि तारेचा स्वर तेवढा उरतो. या जातीचे, परंतु जुन्याच मापात बसणारे, पिकअप चोपन्नशे रुपयांना आले. नातवाने डाखणी तापवून, माझ्या धोतराला एक भोक पाडून आणि सौभाग्यवतींच्या तुळशीजवळ कथलाचा वास सोडून ते बसवले. गुणगुण गेली, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. मात्र ती जाताच तिच्यामागे दडलेली घरघर अशी स्वच्छ ऐकू येऊ लागली, की शेजारच्या वकीलसाहेबांनी 'पंप बसवला का' म्हणून चौकशी केली.

यापुढच्या खर्चाची तपशीलवार रुजुवात मी करीत नाही. आवाज कमीजास्त करण्याच्या कळा, एक संधारित्र आणि जोडणीचे भोक मिळून नऊशे. आतल्या पोकळीला लावायचा तांब्याचा चिकट पत्रा अडीचशे. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, पितळी पायांची आणि पोलादी ठोकळ्याची, सव्वीसशे. आणि साडेतीनशे रुपयांचा एक नवा नट. हा नट हाडाचा आहे हे वेष्टनावर वाचून सौभाग्यवतींनी त्यास उंबरठा ओलांडू दिला नाही. तो व्हरांड्यात खिडकीच्या कोनाड्यातच राहिला, आणि नाटकमंडळीने गावाबाहेर उतरावे तसा पुष्कळ दिवस तेथेच मुक्काम करून होता. मी कीर्द मांडली तेव्हा गिटार साडेआठ हजारांची आणि तिच्यावरचा जीर्णोद्धार अकरा हजार सातशेंचा, असा ताळेबंद निघाला. वर्कशॉपात एखाद्या डब्याचा दुरुस्तीखर्च मूळ किमतीच्या वर गेला तर आम्ही तो मोडीत काढण्याची शिफारस करीत असू. नातवाने ही शिफारस तहकूब ठेवली.

त्याच्याजवळ दाखले होते. ब्रायन मे नावाच्या इंग्रज मुलाने १९६३ साली वडिलांच्या मदतीने गिटार बांधायला घेतली, तिचा गळा एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीचा, वाळवीसारख्या किड्यांनी पाडलेली भोके आगकाड्यांनी बुजवलेली, खुणांचे ठिपके आईच्या शिंपल्याच्या गुंड्यांचे, आणि स्वर हेलकावणाऱ्या यंत्रात मोटारसायकलीच्या झडपांच्या स्प्रिंगा. तीच गिटार घेऊन तो पुढे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या शेजारी जगभर उभा राहिला. दुसरा दाखला एडी व्हॅन हॅलनचा. त्याने ५० डॉलरचे सदोष धड आणि ८० डॉलरचा गळा घेऊन दोहोंची मोट बांधली, दुसऱ्याच गिटारीचा पिकअप मेणात बुडवून तीत बसवला आणि वर पट्टे रंगवले. "मग स्वस्त गिटारीत काय वाईट आहे?" असा नातवाचा समारोप. मी एवढेच विचारले, की या दोघांनी कानस हातात घेतली होती की डाकियाची वाट पाहिली होती? यावर त्याने उत्तर दिले नाही. आणि प्रश्न बरा असला तरी त्याचे उत्तर त्या वेळी मलाही ठाऊक नव्हते.

ते उत्तर उन्हाळ्याने दिले. झाशीचा मे महिना ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना त्याचे वर्णन अतिशयोक्ती वाटते आणि ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते अपुरे वाटते. पारा ४५च्या वर जातो, हवेतली ओल नाहीशी होते, दारे आपोआप सुटतात आणि कपाटे रात्री बोलू लागतात. नातवाने एका दुपारी गिटार उचलली, गळ्यावरून हात फिरवला आणि ओरडला. गळ्याच्या दोन्ही कडांतून पडद्यांची टोके बाहेर आली होती, आणि त्याच्या तळहातावर करवतीचा ओरखडा उमटला होता. लाकूड सुकून आक्रसले होते. धातू आक्रसला नव्हता. माहितीपत्रक काढून पाहिले तर त्या पडद्यांखालची फळी 'इंडियन लॉरेल'ची म्हणून अभिमानाने नमूद केलेली. हे विलायती नाव ऐकून मी कोशात पाहिले, तर इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन, मध्य भारतातला साजा! २०१७ साली शिसवीच्या साऱ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले तेव्हा पुष्कळ कारखान्यांनी शिसवीऐवजी दुसरी लाकडे धरली, त्यांतले हे एक. रत्नागिरीकडे ज्या ऐनाचे वासे आमच्या मूळ घराला होते, तो ऐन परदेशी कारखान्यात जाऊन, नाव बदलून, माझ्या ओसरीवर परत आला होता. आणि पुरेसा मुरवल्याशिवाय आल्यामुळे माहेरच्या उन्हाने त्याचे दात बाहेर काढले होते.

मी ती गिटार उचलली आणि शहरात, सराफा बाजारात, आमच्या घरची मंगळसूत्रे दोन पिढ्या जोडून देणाऱ्या कारागिराकडे घेऊन गेलो. त्याने गिटार यापूर्वी सिनेमातच पाहिली होती. गळ्यावर अंगठा फिरवून तो म्हणाला, "बाबूजी, ईके तो दाँत निकर आए." मग त्याने जे केले ते मी तीन तास मोड्यावर बसून पाहिले. गळ्यावरून एक पितळी पट्टी तीन तीन पडद्यांवर टेकवीत तो पुढे सरकला. पट्टी जिथे डुगडुगली तिथला मधला पडदा उंच. सगळ्या पडद्यांच्या माथ्यावर त्याने निळी शाई लावली आणि सपाट कानशीने हलके घासत गेला. उंच पडद्यांची शाई आधी गेली, बुटक्यांची राहिली, आणि जेव्हा बावीसही माथ्यांवरची शाई सारखी पुसली गेली तेव्हा त्याने हात थांबवला. मग सपाट झालेला प्रत्येक माथा दागिन्याच्या कडेप्रमाणे पुन्हा गोल केला, टोके कापून, तासून, तळहाताला कळणारही नाहीत अशी बसवली. शेवटी नट. सुईसारख्या कानशीने एकेक खाच उतरवायची, तार तिसऱ्या पडद्यावर दाबायची, आणि पहिल्या पडद्यावर तारेखाली पानाच्या पुड्याचा कागद जेमतेम सरकतो का पाहायचे. सरकला की थांबायचे, कारण खाच एकदा खोल गेली की ती वर आणता येत नाही. मजुरी चारशे रुपये. नको नको म्हणत त्याने शेवटी घेतली, आणि वर चहा पाजला.

संध्याकाळी तारा चढवल्या. घरघर गेली होती. तारा उतरत नव्हत्या. मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानात मी तरुणपणी एकदा तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिली होती. तिथे घोडीचा माथा असा घासतात की तार तिच्यावर निसटती टेकावी आणि तीच घरघर, जिला आम्ही दोन वर्षे शिव्या दिल्या, स्वरांच्या तेजासारखी उमटावी. एकाच घर्षणाला तिथे अलंकार म्हणतात आणि इथे दोष, आणि दोन्हीकडे निर्णय करणारी वस्तू एकच: केसाएवढे अंतर आणि ते ओळखणारा हात.

आणि मग, व्हरांड्यात बसलेल्या माणसाला जसे एखादे जुने बिल अचानक उलगडते, तसा मला त्या साडेआठ हजारांचा हिशेब उलगडला. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने, ज्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे, १९५०च्या सुमारास फळीसारखे धड आणि त्याला चार स्क्रूंनी जोडलेला गळा अशी गिटार बाजारात आणली. तिची खुबी अशी, की ती बांधायला वाद्यकाराची गरज नव्हती, जुळणी करणारे हात पुरत. आज ते धड आणि तो गळा संगणकाच्या आज्ञेत चालणारे यंत्र कोरते, आणि स्वस्त गिटारीचे भाग कोरणाऱ्या यंत्राला ती स्वस्त आहे हे माहीत नसते. प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीच्या १७.८१७व्या हिश्शावर बसायचा, तर तो अचूक तिथेच बसतो. जे यंत्राला करता येत नाही, म्हणजे पडद्यांचे माथे जुळवणे, टोके मोडणे, नटाची खाच कागदाच्या जाडीने उतरवणे आणि लाकडाला कोठीत निमूटपणे सुकू देणे, त्याला माणसाचे तास आणि काळाचे महिने लागतात. स्वस्त गिटारीतून वगळलेले असते ते हेच. लाकडात चोरी नव्हती आणि आराखड्यात नव्हती. चोरी होती ती हजेरीपटात. आणि आम्ही दोन वर्षे ती गैरहजेरी खुंट्या, घोडी व तांब्याचा पत्रा यांनी भरून काढू पाहत होतो.

पुढल्या वर्षी नातवाला शिक्षणासाठी पुण्यास जायचे ठरले आणि गिटार विकण्याची तजवीज सुरू झाली. त्याने सगळ्या सुधारणांची यादी स्वच्छ अक्षरात केली. गिऱ्हाईक म्हणून सिपरी बाजारातला एक मुलगा आला. त्याने यादी बाजूला ठेवली, गिटारीचे डोके उजेडात धरले, त्यावरचे नाव वाचले आणि पाच हजार सांगितले. खुंट्या कोणत्या, पिकअप कोणते, ठोकळा पोलादाचा की जस्ताचा, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. बाजाराचा नियमच तसा आहे. घराच्या दस्तात आजोबांचे नाव चालते, माझा कूलर चालत नाही.

तेव्हा नातवाने मूळचे सुटे भाग पेढ्यांच्या खोक्यातून काढले आणि दोन रात्री बसून सारे उलटे फिरवले. नव्या खुंट्या निघाल्या, जुन्या बसल्या. पोलादी घोडी निघाली, मूळची बसली. चोपन्नशेचे साक्षीदार बडतर्फ होऊन मूळचा एकटा साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभा राहिला. साडेआठ हजारांची गिटार जशी आली तशी झाली. पंचनामा पुन्हा करायचा म्हणून मी चष्मा चढवला, आणि त्याने तारा छेडल्या.

गुणगुण परत आली होती. राष्ट्राचा पंचम जागेवर होता. पण घरघर नव्हती. तळहाताला काही टोचत नव्हते. तारा, त्या ढिल्या खुंट्यांवरसुद्धा, सुरात राहिल्या. अकरा हजार सातशे रुपये पेढ्यांच्या खोक्यात परत गेले होते आणि चारशे रुपये मात्र स्क्रू फिरवून काढता येत नव्हते.

"हे तर चांगलेच वाजते आहे, आजोबा," तो म्हणाला, आणि मी त्या वाक्याकडे निराळ्याच कारणासाठी लक्ष दिले. आमची मराठी नेवाळकर सुभेदारांच्या मागोमाग या मुलखात आली. तिचे सुटे भाग दोन-अडीचशे वर्षांत एकेक बदलत गेले. आमची क्रियापदे 'करवून' घेतलेली, आमच्या भाज्या बुंदेली नावांच्या, आणि पुण्याचे पाहुणे आमच्या वाक्यांकडे ज्या नजरेने पाहतात तीच नजर त्या सिपरीच्या मुलाने यादीवर टाकली होती. पण नातवाच्या तोंडात 'ळ' शाबूत आहे. हिंदीच्या शाळेत ते अक्षरच नाही. तो पाच वर्षांचा असताना सौभाग्यवतींनी रोज दुपारी त्याला समोर बसवून 'बाळ, माळ, पोळी, तळमळ' असे घोटवून घेतले, हलक्या कानशीने, मजुरी न घेता. त्याच्या वाक्यातले आणखी किती शब्द बदलतील ते पुणे ठरवील.

गिटार विकली गेली. गाडीच्या आदल्या दिवशी सामानाची बांधाबांध करताना पेढ्यांचे खोके पुन्हा त्याच्या हाती आले. त्यात लोण्यासारख्या खुंट्या होत्या, पोलादी ठोकळा होता, दोन खोटे आणि एक खरे बोलणारे पिकअप होते, आणि व्हरांड्यातून खास परवानगीने आत आणलेला हाडाचा नट होता. गिटारीला लागते ते सर्व होते. लाकूड तेवढे नव्हते.

"आजोबा," तो बराच वेळ खोक्याकडे पाहून म्हणाला, "एवढा उत्तम माल पडून राहील. याच्यासाठी एखादी स्वस्तशी गिटार बघावी म्हणतो."

मी कीर्द मिटली. "बघ," म्हटले, "पण ती आधी इकडे पाठव. सराफ्यात जाऊन येऊ, मग खोके उघडू."